कच्च्या कामाचे पान

गणिताच्या उत्तरपत्रिकेत उजव्या हाताला उभी रेघ मारून मुले जी अरुंद पट्टी सोडतात, तिला शाळेच्या भाषेत 'कच्चे काम' म्हणतात. परीक्षकाने त्या पट्टीकडे पाहिलेच पाहिजे असा नियम नाही. तरीही ज्याने चार वर्षे इमानाने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला हे ठाऊक असते, की मुख्य पानावरील उत्तर चुकले तर चूक शोधावयास त्या पट्टीतच शिरावे लागते. तेथे कोठे हातचा विसरलेला असतो, कोठे रक्कम उतरून घेताना आकड्यांची अदलाबदल झालेली असते. पानावरचे उत्तर 'चुकले' एवढेच सांगते; कोठे चुकले ते पट्टी सांगते.

संगणकाच्या प्रोग्रामालाही अशी एक पट्टी असते. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून आज कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाची नात संगणकाच्या व्यवसायात आहे. "आज दिवसभर काय केलेस?" या प्रश्नाला त्यांच्याकडून पुष्कळदा एकच उत्तर मिळते: "डीबगिंग." वडील माणसे मान डोलावतात आणि विषय बदलतात. त्यांनी तो बदलू नये म्हणून हा लेख. त्यातही डीबगिंगचा सगळा पसारा येथे मांडावयाचा नाही. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटातील 'लोकल व्हेरिएबल', म्हणजे स्थानिक चल, वाचणे एवढाच भाग घ्यावयाचा आहे; कारण दिसावयास तो सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात मोठा फसवा आहे.

'बग' म्हणजे किडा. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही कथा आता पुष्कळांच्या कानांवरून गेलेली आहे. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसननेही यंत्रातील दोषाला तो योजिला होता. असो.

बीजगणितातील 'क्ष' आपल्या परिचयाचा आहे. त्याला आपण चल म्हणतो खरे, पण एका उदाहरणापुरता तो बिचारा अचलच असतो. त्याची एक किंमत शोधून काढली की काम संपले. प्रोग्रामातील चल खरोखरीचा चल असतो. ती एक नाव दिलेली जागा. तिच्यात या क्षणी ४१३ असेल, पुढच्या क्षणी शून्य. यांपैकी काही चल संपूर्ण प्रोग्रामाच्या मालकीचे असतात आणि काही एका लहानशा कामापुरते. प्रोग्राम अशा लहान लहान कामांत, म्हणजे 'फंक्शनां'त, विभागलेला असतो. एखाद्या फंक्शनाला बोलावले की स्मृतीतील एका चळतीवर त्याच्यासाठी एक पाटी ठेवली जाते आणि त्याचे स्थानिक चल त्या पाटीवर लिहिले जातात. त्याने दुसऱ्या फंक्शनाला हाक मारली की दुसरी पाटी पहिलीवर येते. काम आटोपले की वरची पाटी उचलली जाते आणि तिच्यावरचा मजकूर बेवारस होतो. या चळतीला इंग्रजीत 'स्टॅक' म्हणतात. प्रोग्राम मध्येच थांबविला असता चळतीत ज्या पाट्या शिल्लक असतील तेवढ्याच वाचता येतात. उचलून नेलेल्या पाटीवर काय होते हे विचारण्यात अर्थ नसतो.

आता भाषांतराचा प्रश्न. लिहिणारा 'सी' किंवा 'सी प्लस प्लस' यांसारख्या भाषेत लिहितो. यंत्राला त्यातले अक्षरही कळत नाही. यंत्राची स्वतःची आज्ञांची भाषा असते, आणि तीत 'गुण', 'टक्के' अशी नावे नसतात. असतात ते स्मृतीतील जागांचे क्रमांक आणि 'रजिस्टर' नावाचे मोजके कप्पे. या भाषेतून त्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामाला 'कंपाइलर' म्हणतात. परिभाषेत त्याला 'संकलक' असा शब्द आढळतो. मराठीच्या माणसाला तो प्रथम खटकतो, कारण संकलक म्हणजे गोळा करणारा, आणि हे काम तर उघड उघड भाषांतराचे. परंतु दोष आपल्या परिभाषाकारांचा नाही. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीने १९५२ साली जो 'ए-झिरो' तयार केला तो आधी लिहून ठेवलेले तुकडे गोळा करून एकत्र सांधीत असे, म्हणून इंग्रजीत त्याला ते नाव पडले. पुढे १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी 'फोर्ट्रान' आणली तेव्हा काम पुरते भाषांतराचे झाले होते. नाव जुनेच राहिले. मी येथे कंपाइलर हाच शब्द ठेवतो.

भाषांतर झाले की मूळ नावांची यंत्राला गरज उरत नाही. मग थांबलेल्या प्रोग्रामात 'टक्के' शोधावयाचा कसा? त्यासाठी कंपाइलरला आधी सांगून ठेवले तर तो भाषांतराबरोबर एक जोडपत्र तयार करतो: मूळ मजकुराची बारावी ओळ यंत्राच्या अमुक आज्ञांत उतरली आहे; 'टक्के' हा चल पाटीवर अमुक अंतरावर आहे. लिनक्ससारख्या प्रणालींत या जोडपत्राची जी पद्धत रूढ आहे तिला 'ड्वॉर्फ' म्हणतात. प्रोग्रामांच्या फाइलींच्या रचनेचे नाव 'एल्फ', म्हणून युरोपीय परीकथांतील जोडी जमवावी तसे हे दुसरे नाव ठेवले गेले. तिची पाचवी आवृत्ती २०१७ साली निघाली. हे जोडपत्र हाती घेऊन चालत्या प्रोग्रामाची झडती घेणारा तो 'डीबगर'. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला 'जीडीबी' आजही प्रचारात आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता पुण्यास नोकरीला असलेला, गेल्या चतुर्थीला मांद्र्यास घरी आला असता शाळेत भेटावयास आला. लॅपटॉप बरोबर होताच. त्याला मी निकालपत्रकाचा एक छोटा प्रोग्राम लिहून दाखवावयास सांगितला, आणि त्यात मुद्दाम एक दोष ठेव म्हटले. पाच विषय, प्रत्येकी शंभर, म्हणजे कमाल ५००. मिळालेले गुण भागिले कमाल, त्याला गुणिले शंभर. भाषा सी. प्रोग्राम सुरळीत चालला. ४१३ गुण मिळविणाऱ्या मुलीला शून्य टक्के. ३२० मिळविणाऱ्याला शून्य टक्के. साऱ्या वर्गाचा निकाल शून्य. फक्त एका काल्पनिक विद्यार्थ्याला, ज्याला आम्ही ५०० पैकी ५०० देऊन टाकले होते, पुरते शंभर.

"सर, आता कारण ओळखा," तो म्हणाला.

"मी मराठीचा मास्तर. तूच तुझ्या यंत्राला विचार."

त्याने टक्के काढणाऱ्या फंक्शनात एका ओळीवर थांबा ठेवला. या थांब्याला 'ब्रेकपॉइंट' म्हणतात. प्रोग्राम पुन्हा सोडला. तो त्या ओळीपाशी येऊन उभा राहिला. मग 'इन्फो लोकल्स' अशी आज्ञा दिली. पडद्यावर चार ओळी उमटल्या. मिळालेले ४१३. कमाल ५००. भाग शून्य. आणि 'टक्के'समोर एक भलताच लांबलचक आकडा.

कारण समोर होते. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो. अपूर्णांक टाकून दिला जातो. ४१३ भागिले ५०० म्हणजे शून्य पूर्णांक, बाकीचे वाऱ्यावर. मग त्या शून्याला शंभराने गुणा की लाखाने. ५०० ला ५०० ने भागले तर मात्र पुरता एक येतो, म्हणून तो एकटा तरला. आधी शंभराने गुणून मग भागले असते तर त्या मुलीला निदान ८२ तरी मिळाले असते. अखेरच्या शून्याकडे तासभर पाहून जे कळले नसते, ते 'भाग' या मधल्या चलाकडे पाहताच कळले. कच्च्या कामाचे पान म्हणतात ते हे.

पण तो भलताच आकडा कोठला? नवशिके येथेच घसरतात. थांबा ज्या ओळीवर ठेवलेला असतो ती ओळ अजून झालेली नसते. प्रोग्राम तिच्या उंबरठ्यावर असतो. 'टक्के'मध्ये किंमत भरणारी नेमकी तीच ओळ होती. तोवर त्या जागी जे होते ते आधीच्या कोणत्या तरी पाटीवरचे उरलेसुरले. सी भाषेत स्थानिक चलाला आपण होऊन किंमत दिली नाही तर भाषा ती देत नाही. पाटी पुसून मिळत नाही. आधीच्या तासाच्या शिक्षकाने फळा न पुसता निघून जावे आणि पुढच्या तासाच्या मुलांनी भूगोलातील पर्जन्यमान गणिताचे उदाहरण समजून उतरून घ्यावे, तसा तो प्रकार. असा आकडा दिसला की त्यावर तर्क लढवू नये. ओळ पुढे सरकवावी आणि पुन्हा पाहावे.

येथवरचा भाग कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळेल. खरी अडचण पुढे आहे.

कंपाइलर दोन तऱ्हांनी भाषांतर करतो. एक शब्दशः: प्रत्येक चलाला पाटीवर हक्काची जागा, प्रत्येक ओळ जेथल्या तेथे. असे भाषांतर वाचावयास सोपे, पण चालावयास मंद. दुसरी तऱ्हा काटकसरीची. परिभाषेत तिला 'इष्टतमीकरण' असा दगडासारखा शब्द आहे; तो मुलांच्या गळी मी उतरविणार नाही, काटकसर हाच शब्द मला पुरतो. फोर्ट्रानच्या पहिल्या कंपाइलरपासून ही काटकसर चालत आलेली आहे, कारण हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेइतका वेग दिल्याखेरीज त्या काळचे प्रोग्रामर भाषांतरावर विश्वास ठेवावयास तयारच नव्हते. आज बँकेत, रुग्णालयात, आपल्या खिशातील फोनवर जे चालते ते सहसा काटकसरीचे भाषांतर असते.

काटकसरी कंपाइलर म्हणजे वर्गातील ती हुशार मुलगी, जी पायऱ्या लिहीत नाही. उत्तर बरोबर असते. "हे कसे आणलेस?" म्हणून विचारले तर, "मनात केले." कंपाइलरने पाळावयाचे बंधन एवढेच असते, की बाहेरून दिसणारे फळ मूळ प्रोग्रामाप्रमाणे यावे; मधल्या पायऱ्या त्याच्या स्वाधीन. आमच्या पेडण्याच्या दशावतारात कथा ठरलेली असते, संवाद पात्रे रंगमंचावर ऐन वेळी रचतात. राक्षस अखेरीस मरतोच, पण कोणत्या वाक्यावर ते सांगता येत नाही. तसेच हे.

'भाग' हा चल फक्त पुढच्याच ओळीत लागतो, असे कंपाइलरला दिसले की तो त्याला पाटीवर जागा देतच नाही. एखाद्या कप्प्यात क्षणभर ठेवतो, वापरतो, आणि त्याच कप्प्यात दुसरे काही ठेवतो. नंतर थांबवून 'भाग' विचारला तर डीबगर उत्तर देतो: 'ऑप्टिमाइज्ड आउट', म्हणजे काटकसरीत गेला. नवख्या मुलांना या उत्तराचा राग येतो. यंत्र बिघडले, डीबगर बिघडला, असे ती म्हणू लागतात. वास्तविक एवढे सरळ उत्तर दुसरे नाही. मनात केले.

काही वेळा चल नाहीसा होतो, पण त्याची खूण उरते. वर्गातील चाळीस मुलांचे गुण ओळीने ठेवले आहेत आणि 'क्रमांक' हा चल शून्यापासून एकेक वाढवीत आपण ते वाचतो आहोत, असे समजा. कंपाइलर पाहतो, की क्रमांक मोजून दर वेळी जागा शोधण्यापेक्षा जागेचा पत्ताच एका घराने पुढे सरकविणे स्वस्त. तो 'क्रमांक' काढूनच टाकतो. आता कितवा मुलगा चालू आहे हे कोठेच लिहिलेले नाही. तरी काढता येते: आताच्या पत्त्यातून आरंभीचा पत्ता वजा करावा आणि एका घराच्या लांबीने भागावे. छापील तिकिटांच्या गड्ड्या होत्या त्या दिवसांत कंडक्टरला किती तिकिटे खपली हे तो मोजून ठेवीत नसे. पहिल्या तिकिटाचा क्रमांक वहीत असे, वरच्या तिकिटाचा हातात, वजाबाकी केली की झाले. ड्वॉर्फच्या जोडपत्रात अशी वजाबाकी लिहून ठेवण्याची सोय आहे. कंपाइलरने ती लिहिली तर डीबगर नसलेल्या चलाचीही बिनचूक किंमत सांगतो. लिहिली नाही, तर पुन्हा 'काटकसरीत गेला'.

जो चल दिसत नाही तो निदान फसवीत नाही. फसवितो तो दिसणारा, पण अवेळी दिसणारा. मुलांच्या फेऱ्यात दर वेळी 'कमाल म्हणजे विषय गुणिले शंभर' अशी ओळ असली तर कंपाइलर तो गुणाकार फेऱ्याच्या बाहेर, आधीच एकदा उरकून घेतो. पहिल्या फेरीत त्या ओळीच्या अलीकडे थांबावे, तर 'कमाल'मध्ये ५०० हजर. मूळ मजकुराप्रमाणे ती किंमत अजून यावयाची आहे. उलटही घडते. एखादा हिशेब पुढे नापासांच्याच शाखेत लागत असेल तर कंपाइलर तो त्या शाखेत ढकलतो. अलीकडे थांबून पाहणाऱ्याला शिळी किंमत दिसते, आणि तो "माझी ओळ चाललीच नाही" असे समजून भलतीकडे शोधू लागतो. डीबगरवर विसंबून संध्याकाळ घालवावी आणि दोष जेथे नाही तेथे खणीत बसावे, याहून दुसरी कुचंबणा कोणती?

या प्रश्नाची पहिली पद्धतशीर मांडणी जॉन हेनेसी यांनी १९८२ साली केली. हेच हेनेसी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि डेव्हिड पॅटरसन यांच्यासह २०१७ सालच्या ट्यूरिंग पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांनी दाखविले, की काटकसर झालेल्या प्रोग्रामात काही चलांची दिसणारी किंमत निश्चितपणे मूळ मजकुराशी जुळत नाही, आणि काहींची जुळते की नाही ते प्रोग्राम त्या ठिकाणी कोणत्या वाटेने आला यावर अवलंबून असते.

वाटेवर अवलंबून, म्हणजे काय? आमच्या मांद्र्याहून पणजीला निघाले आणि चोपडे-शिवोलीचा पूल ओलांडला की दोन वाटा होतात. एक म्हापशावरून जाते, दुसरी म्हापसा टाळून कळंगुट-साळगावच्या बाजूने पर्वरीला लागते. घरून निघताना भावाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरच्या घ्यावयास सांगितल्या होत्या. तो पर्वरीला पोचला एवढीच बातमी आली, तर त्याच्या पिशवीत मिरच्या आहेत की नाहीत? नकाशा कितीही निरखला तरी उत्तर मिळत नाही. तो कोणत्या वाटेने गेला हे कळले, तरच मिळते. नुसता प्रोग्रामाचा मजकूर वाचून निवाडा करू पाहणारा डीबगर नकाशा निरखीत बसलेल्या माणसासारखा असतो. त्याला पुष्कळ वेळा 'सांगता येत नाही' यापलीकडे जाता येत नाही.

या वाटेच्या प्रश्नावर महत्त्वाचे काम आपल्याकडे, मुंबईस पवईच्या आय. आय. टी. त झाले आहे, आणि ते सामान्य मराठी वाचकाला ठाऊक नाही याची मला खंत वाटते. प्रा. धनंजय ढमढेरे यांनी के. व्ही. शंकरनारायणन यांच्यासह लिहिलेला निबंध अमेरिकेतील एसीएम या संस्थेच्या, प्रोग्रामिंगच्या भाषांना वाहिलेल्या नियतकालिकात नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न असा: प्रोग्राम थांब्यापाशी ज्या वाटेने प्रत्यक्ष आला ती वाट लक्षात ठेवली, तर दिसणारी किंमत खरी की शिळी हे निश्चित सांगता येईल काय? येते. मात्र वाट जशीच्या तशी लिहून ठेवावी तर फेऱ्यांमुळे ती लाखो पावलांची होते, आणि ती वाचीत बसणे परवडत नाही. ढमढेरे व शंकरनारायणन यांनी दाखविले, की सगळे फेरे लिहून ठेवण्याची गरज नाही; प्रत्यक्ष वाटेचा एक आटोपशीर आराखडा, फेरे जरुरीपुरतेच उलगडलेला, निर्णयाला पुरतो. तो पुरतो हे त्यांनी सिद्ध करून दिले, आणि शिळ्या झालेल्या चलाची योग्य किंमत परत मिळविण्यासही त्या आराखड्याचा उपयोग होतो हे दाखविले.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ढमढेरे हे मुळात काटकसरीचेच अभ्यासक. एक हिशेब या ओळीवरून त्या ओळीवर कसा हलवावा म्हणजे फुकटची मेहनत वाचेल, यावर त्यांचे १९८८ व १९९१ सालचे निबंध आहेत. भारतातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे वाचली आहेत. १९९४ साली त्यांच्याबरोबर लिहिणारे उदय खेडकर यांनी पुढे पवईतच हा अभ्यास चालविला. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००९ साली निघाला. म्हणजे घरातील सामान हलविण्याची युक्ती ज्याने शोधली, त्यानेच 'हलविलेले सामान आता कोठे आहे' हे सांगण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. असे फार थोडे लोक करतात. सोय करून देणारा सहसा सोयीचे श्रेय घेऊन पुढे जातो, आणि मागच्यांनी अंधारात चाचपडावे.

किंमत दिसणे आणि ती कशाची आहे हे कळणे यांत केवढे अंतर असते, याचा एक दाखला चटका लावणारा आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून उडालेले 'एरियान ५' हे युरोपचे रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आडव्या वेगाशी निगडित अशी एक ६४ बिटांची किंमत १६ बिटांच्या जागेत भरताना ओसंडली. त्या जागेत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. दिशा सांगणारा संगणक बंद पडला. बंद पडताना दोषाच्या निदानासाठी म्हणून त्याने जी माहिती बाहेर टाकली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वाचली, आणि इंजिनांची तोंडे एकदम वळविली. निदानाचा आकडा औषध समजून घेतला गेला.

म्हणून 'काटकसरीत गेला' हे उत्तर देणारा डीबगर मला आवडतो. शाळेतही पाठ न केलेला धडा विचारल्यावर "येत नाही" म्हणणारा मुलगा, शेजाऱ्याच्या पुटपुटण्यावरून काहीतरी ठोकून देणाऱ्या मुलापेक्षा शिकवावयास सोपा असतो.

कोणी म्हणेल, मग काटकसर बंद करून तपासावे. तसे करतातच, आणि शिकणाऱ्याने तसेच करावे. पण काही दोष असे खट्याळ असतात, की काटकसर बंद केली किंवा मध्ये एखादा आकडा छापण्याची ओळ घातली की ते दिसेनासे होतात. इन्स्पेक्टरसाहेब वर्गात आले की शेवटचा बाक शांत होतो तसे. हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून इंग्रजीत त्यांना गमतीने 'हायझेनबग' म्हणतात. गंमत वगळता कारण साधे असते: न पुसलेल्या पाटीवर काय उरले होते ते भाषांतराच्या तऱ्हेनुसार बदलते. दुसरे असे, की गिऱ्हाइकाकडे जो कोसळतो तो काटकसरीचाच प्रोग्राम. तेथे मागे उरते ती कोसळण्याच्या क्षणीच्या स्मृतीची नक्कल, पंचनाम्यासारखी. तिच्यातून स्थानिक चल वाचावयाचे तर त्याच भाषांतराचे जोडपत्र हवे. आजचे जोडपत्र कालच्या भाषांतराला लावले तर डीबगर आत्मविश्वासाने चुकीच्या जागा वाचून दाखवील. धंद्यातील शहाणी माणसे गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रत्येक आवृत्तीचे जोडपत्र वेगळ्या फाइलीत जपून ठेवतात, ते यासाठी.

कंपाइलर लिहिणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. 'जीसीसी' या मुक्त कंपाइलरच्या २०१० सालच्या आवृत्तीपासून, चल एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला की त्याचा माग ठेवण्याची पद्धत पुष्कळ सुधारली. २०१३ साली तपासाला बाधा येणार नाही एवढीच काटकसर करण्याची एक वेगळी सोयही तीत आली. जोडपत्र मागावयाचे आणि काटकसरही करावयाची, या दोन्ही खुणा एकदम देता येतात, हे पुष्कळ मुलांना कॉलेज संपेपर्यंत माहीत नसते.

गोव्यात सहावी ते आठवीच्या मुलांना आता कोडिंग शिकविले जाते. त्यासाठी पुष्कळदा वापरली जाते ती 'स्क्रॅच' ही चित्रांच्या ठोकळ्यांची भाषा, अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत तयार झालेली आणि २००७ साली सर्वांना खुली झालेली. तीत चलाच्या नावाशेजारी एक चौकोन असतो. त्यात खूण केली की तो चल रंगमंचावर येऊन बसतो आणि त्याची किंमत बदलताना डोळ्यांना दिसते. मुलांना याचे फार कौतुक. मांजर धावते आहे, 'गुण' वाढत आहेत, आणि एका क्षणी ते वाढावयाचे थांबतात. मुले लगेच ठोकळ्यांत बोट घालून दोष दाखवितात. येथे प्रोग्रामाने आपले कच्चे काम झाकलेलेच नसते. हीच मुले चार-सहा वर्षांनी सी भाषेला हात घालतात तेव्हा रंगमंच नाहीसा होतो, चौकोन नाहीसा होतो, आणि उत्तर चुकले की ती ओळी इकडच्या तिकडे हलवून नशीब आजमावू लागतात. डीबगर त्यांना कोणी दाखविलेला नसतो. माझ्या मते तो पहिल्या महिन्यात दाखवावा. शुद्धलेखनाची वही चौथ्या इयत्तेपर्यंत थांबवून ठेवीत नाहीत.

ज्या घरांतून कोणी नुकते शिकू लागले आहे त्यांना तो जुना विद्यार्थी जाताना जी रीत सांगून गेला ती येथे देतो. प्रथम काटकसर बंद ठेवून आणि जोडपत्र मागून भाषांतर करून घ्यावे. जेथे शंका आहे त्या फंक्शनाच्या पहिल्या ओळीवर थांबा ठेवावा. थांबल्यावर लगेच चल पाहू नयेत; कागदावर प्रत्येकाची अपेक्षित किंमत पेन्सिलीने लिहावी. मग 'इन्फो लोकल्स' म्हणावे आणि दोन्ही शेजारी ठेवावे. जेथे जुळत नाही तेथे, ती ओळ झाली आहे की व्हावयाची आहे, हे पाहून एकेक ओळ पुढे सरकावे. वरच्या पाटीवर काही सापडले नाही तर 'अप' म्हणून खालच्या पाटीवर, म्हणजे ज्याने बोलावले त्या फंक्शनात उतरावे. डीबगर चळत उलटी मोजतो, म्हणून आज्ञा 'वर' आणि पाटी खालची.